मामा, नाव सुटलं नाही

मामा, काल तुमच्या तेराव्याला माइकनं शिट्टी मारली.

एकदा नाही, पाच-सहा वेळा. पूर्णेहून बोलावलेल्या त्या साउंडवाल्यानं भोंगा थेट बोलणाऱ्याच्या समोर टांगला होता, आणि शिट्टी आली की तो मशीनचं बटण कमी करायचं सोडून आणखी पिळायचा. दर शिट्टीला सगळा मांडव तुमच्या फोटोकडे बघायचा. जणू आता तुम्ही हार बाजूला करून उठणार, त्याच्या हातातून माइक घेणार आणि म्हणणार, "सरक बाबा, तू जेवून घे." त्यातच श्रद्धांजली वाहणाऱ्या एका पुढाऱ्यानं तुमच्या जावयाचं आडनाव चुकवलं. मी मामीकडे पाहिलं, तर मामी पदराच्या आड हसत होती. खरंच हसत होती. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर रडले.

पण हे लिहायला बसले ते रडायला नाही. तेरा दिवस मी छातीवर एक धोंडा घेऊन फिरत होते, तो काल दुपारी उतरला. कसा उतरला ते तुम्हाला सांगायचंय. त्यातलं निम्मं तुम्हाला माहीतच आहे, कारण ते तुम्हीच करून ठेवलंय. पण मला ते कळलं, हे मात्र तुम्हाला माहीत नाही. म्हणून हा खटाटोप.

चुडाव्यात तुम्हाला सगळे मंडपवाले म्हणायचे. पण मांडव, खुर्च्या, गाद्या, पातेली हे तुमच्या लेखी नुसतं सामान होतं. तुमचं काम म्हणजे माइक. पंचक्रोशीत कुठंही लग्न असो, आहेर पुकारायला तुम्हीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजोळी आले की तुमच्या टेम्पोत पुढे बसायचे, मशीन मांडीवर घेऊन. मामीनं त्या मशीनला शिवलेली फुलाफुलांची खोळ मला अजून आठवते. आमच्या घरात उशांनासुद्धा इतकी चांगली खोळ नव्हती.

आहेर घेऊन कोणी आलं की तुम्ही आधी वाकून त्याच्या कानाशी लागायचात. नाव काय, गाव कोणतं, नवरीचे कोण लागता, थोरले की धाकटे. धाकट्याचं नाव आधी घेतलं तर वर्षभराचा रुसवा होतो, हे तुम्ही मला सहावीत असताना शिकवलंत. सगळं नीट विचारून झालं की मग भोंग्यातून यायचं, "नवरीच्या थोरल्या मावशींकडून, मुक्काम ताडकळस, नवरदेवाला टॉवेल-टोपी!" आणि एक श्वास तुम्ही थांबायचात. मी एकदा विचारलं होतं, मामा, मधे थांबता कशाला? पटापट घेतलं तर लवकर उरकेल. तुम्ही म्हणालात, "त्या मावशीला ऐकू दे की. तिला वाटलं पायजे, सगळा मांडव आपल्याकडंच बघायलाय."

सप्ताहातल्या पंगतीचंही तसंच. पंगत देणारा माणूस समोर बसलेला असायचा, पण नाव त्याचं नसायचं. "आजची पंगत कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ," असं तुम्ही म्हणायचात, आणि तो माणूस मान खाली घालून पत्रावळीतला भात कालवत राहायचा. आपलं स्वतःचं नाव माइकवरून गेलं तर त्याला लाज वाटली असती. आईचं गेलं की तो तृप्त.

कार्यक्रम संपल्यावर कधीतरी एखादा म्हातारा तुमच्याजवळ यायचा आणि एवढंच म्हणायचा, "बरोबर पुकारलं." त्या दिवशी घरी जाताना तुम्ही टेम्पो हळू चालवायचात आणि गाणी म्हणायचात. माझ्या लग्नात तर मामा म्हणून माझ्या पाठीशी उभे होतात, आणि शेवटची मंगलाष्टका संपते न संपते तोच मला तिथेच सोडून माइककडे धावलात. सासरची माणसं विचारत होती, मामा कुठे गेले? मी वर भोंग्याकडे बोट दाखवलं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नदी गावात आली. तुमच्या घराच्या दोन पायऱ्या कोरड्या राहिल्या, खालच्या आळीत मात्र पाणी छपराला टेकलं. पाणी गेलं आणि गाळ राहिला. पहिल्या आठवड्यात परभणीहून, पार नांदेडहून माणसं आली. जुने कपडे आले, बिस्किटांचे पुडे आले. इतके आले की मामी म्हणाली होती, "आता ह्या बिस्किटांचाच बांध घाला नदीला." दुसऱ्या आठवड्यात कोणी फिरकलं नाही. गाळ तसाच होता, गोठ्यात, शाळेत, आडात. गावातली माणसं आपापल्या घरात गुंतलेली. ज्या घरात धडधाकट माणूस नव्हता, तिथला गाळ वाळून दगडासारखा व्हायला लागला होता.

मी परभणीत घरी बसून कंपन्यांसाठी वेबसाइटी बनवते. तुम्ही लोकांना सांगायचात, "भाची कंप्युटरवर असते." तर जे मला येतं तेच मी केलं. चार-पाच दिवस खपून एक वेब अॅप तयार केलं, त्याला 'हातभार' असं नाव दिलं. मोबाइलवर लिंक उघडायची, आपलं नाव घालायचं, कोणत्या घरी काय काम आहे ते बघून एक निवडायचं. काम झालं की त्या घरातल्या माणसानं 'झालं' म्हणून दाबायचं. जितके तास तितके गुण. गुण साठले की आधी पितळेचा बिल्ला, मग चांदीचा, मग सोन्याचा, आणि शेवटी सर्टिफिकेट. मदतीला आलेली माणसं दुसऱ्यांदा यावीत, एवढाच माझा हेतू होता.

मोठ्या हौसेनं मी ते तुम्हाला ओट्यावर बसून दाखवलं. तुम्ही सुपारी कातरत ऐकत होतात.

"आन ह्यो सोन्याचा बिल्ला? खरं सोनं?"

"नाही मामा, मोबाइलवर दिसतो."

"सर्टिफिकेट तरी?"

"तेही मोबाइलवरच. पीडीएफ असतं."

तुम्ही अडकित्ता खाली ठेवला. "पोरी, त्यो माणूस गुडघाभर चिखलात उतरायलाय. त्याला मोबाइलमधी बिल्ला देऊन काय करायलीस? त्याचं नाव घे. चार लोकांच्या म्होरं घे. नाव लय गोड असतंय."

मी हसले होते. माझं हसणं तुम्ही मनावर घेतलं नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो पारावर आणून उभा केलात, भोंगा वर बांधलात, माझ्याकडून त्या दिवसाची यादी मागितलीत आणि सुरू केलंत. "कमलबाईंच्या गोठ्यातला गाळ आज ज्यांनी काढला, त्यांची नावं ऐका." आणि प्रत्येक नावानंतर तो एक श्वास.

पहिल्या दिवशी पारावर दहा-बारा माणसं असतील. चौथ्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. परभणीच्या कॉलेजातली मुलं आपली गाडी सोडून देऊ लागली, पुढच्या गाडीनं जाऊ म्हणत, पण नाव ऐकल्याशिवाय स्टेशनकडे वळायची नाहीत. ज्यांच्या घरचं काम झालं होतं ते मुद्दाम येऊन उभे राहायचे आणि आपल्याकडे राबलेल्यांचं नाव आलं की टाळी वाजवायचे. कोणाच्या गोठ्यात कोण, हे गावाला तोंडपाठ झालं. माझे बिल्ले कोणी उघडूनसुद्धा बघत नव्हतं. मी मोठ्या मनानं हार मानली, असं मी म्हणते. तुम्ही म्हणायचात, "लय फणफणली, पण ऐकलं."

एका बाबतीत मात्र मी अजून ऐकलेलं नाही. जे तासभर यायचे, फावड्याबरोबर फोटो काढायचे आणि निघून जायचे, त्यांचं नाव घेऊ नका असं मी म्हणत होते. तुमचं म्हणणं, "एक तास तर एक तास. आज नाव घेतलं तर उद्या दोन तास येतोय." मामा, त्यातला एकही उद्या आला नाही. मी यादी तपासून सांगते आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, परवा आला असंल. हे भांडण आपलं तसंच राहू द्या, त्याला मी हात लावत नाही.

खरं भांडण दुसरंच झालं.

एका सकाळी चहा पिता पिता मी सगळ्यात जास्त गुण कोणाचे ते बघत होते. सगळ्यात वर नाव होतं, कै. पार्वतीबाई. त्यांच्याखाली कोणाचे तरी कैलासवासी वडील. त्याच्याखाली कोणाची आजी. पहिल्या दहांत निम्मी माणसं मेलेली. पुण्याची माझी मैत्रीण मला अॅप तपासून द्यायची, तिचा मेसेज आला, "तुमच्या गावात वारलेले लोक जास्त काम करतात का?"

आज ते आठवून हसू येतं. नाव तुमच्या माइकवरून जाणार म्हटल्यावर लोकांनी तेच केलं होतं जे ते सप्ताहाच्या पंगतीला करत आले होते. घमेली स्वतः उचलायची आणि नाव आईचं लावायचं. पण त्या सकाळी मला ती लबाडी वाटली. खोट्या नावांनी गुण मिळवले जातायत, असं वाटलं. आता हे पुण्यात पसरेल, आपलं हसं होईल, हीसुद्धा भीती होती. ती जास्त होती, खरं सांगायचं तर. मी तुम्हाला विचारलं नाही. फोनही केला नाही. नाश्त्याआधी बसून ती सगळी नावं काढून टाकली, आणि 'कै.' असलेलं नाव अॅपनं घेऊच नये अशी तजवीज केली.

संध्याकाळी मी चुडाव्यात होते. तुम्ही टेम्पोवर उभे राहून यादी वाचलीत. त्या दिवशी यादी लवकर संपली. तुम्ही माझा मोबाइल खालीवर केलात, परत वर नेलात. समोर ज्ञानोबा काका उभे होते, पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल. म्हाताऱ्यानं दहा दिवस एकट्यानं शाळेचे दोन वर्ग मोकळे केले होते. पार्वतीबाई म्हणजे त्यांची बायको, तिला जाऊन बरीच वर्षं झाली. ते रोज यायचे, तिचं नाव ऐकायचे आणि घरी जायचे.

लोक पांगायला लागले तरी ते उभेच. मग हळूच म्हणाले, "आमच्या घरचं नाव ऱ्हायलं का?"

तुम्ही माइक तोंडाशी धरलात आणि परत खाली घेतलात. मी तुम्हाला जन्मात पहिल्यांदा माइक हातात असताना गप्प बघितलं. शेवटी यादीत नसलेलं नाव तुम्ही पुकारलंत. पार्वतीबाईंचं. पण आवाज तुमचा नव्हता. आणि खाली उतरून मला बाजूला घेतलंत.

"माह्या माइकवरून आजवर एक नाव सुटलं न्हाई. आज सुटलं. तुह्यामुळं."

"मामा, त्या वारलेल्या आहेत. काम त्यांनी केलेलं नाही. ही खोटी नोंद झाली."

"काम जित्या माणसानं केलंय, नाव मेलेल्याचं लावलंय. त्यात खोटं काय हाय? घाम तर खरा हाय ना?"

"मग गुण कोणाला द्यायचे? सर्टिफिकेट कोणाच्या नावानं काढू? याला काही पद्धत असते मामा. हा काही लग्नातला आहेर नाही."

बोलले आणि बोलताक्षणी कळलं. तुमचं सगळं आयुष्य मी त्या एका वाक्यात मोडीत काढलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही "बरं" म्हणालात, टेम्पोवर चढलात, भोंग्याची दोरी सोडलीत आणि वायर गुंडाळायला लागलात. दुसऱ्या दिवसापासून टेम्पो पारावर आला नाही.

त्यानंतर आपण बोलत नव्हतो असं नाही. दिवाळीत मी आले, तुम्ही माझ्यासाठी मामीला करंज्या करायला लावल्यात. पण मला बघून म्हणालात, "या मॅडम, बसा. कवा आलात?" मला तुम्ही आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. चार माणसांत मला 'ए वाकडे' म्हणून हाक मारणारे तुम्ही. ती करंजी मी अर्धीच ताटलीत ठेवली. तुम्ही कापसाचं बोललात, येलदरीचं धरण किती भरलंय ते बोललात, माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं विचारलंत. 'हातभार'चं अवाक्षर नाही.

माफी मागायची होती, मामा. ओट्यावर बसून शब्द जुळवत होते. तेवढ्यात तुम्ही "मॅडमला चहा आणा" म्हणालात आणि माझं टाळकं सटकलं. आपल्या घराण्याचा ताठा मला आईकडून आलाय, म्हणजे तुमच्याच घरून.

इकडे अॅपचं काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. गावातली माणसं येईनाशी झाली. कॉलेजची मुलं सर्टिफिकेटपुरती यायची, मिळालं की थांबायची. ज्ञानोबा काका शाळेत जातच होते, पण नोंद करायचं त्यांनी सोडलं होतं. मी रोज ती रिकामी यादी बघायचे आणि चिडायचे, आधी गावावर, मग तुमच्यावर, आणि शेवटी कोणी उरलं नाही तेव्हा स्वतःवर.

दिवाळीनंतर एका दुपारी मी बसले आणि सगळं बदललं. आधीची काढलेली नावं परत घातली. काम करणाऱ्यासाठी एक रकाना, आणि त्याच्याखाली दुसरा, 'हे काम कोणाच्या नावानं?' इतकं सोपं होतं ते. दोन तासांचं काम होतं आणि मला दोन महिने लागले. ज्यांनी ज्यांनी नाव नोंदवलं होतं त्या सगळ्यांना मेसेज पाठवला, आता तुम्ही काम कोणाच्या नावानं करता ते लिहू शकता. तुम्ही त्यात नव्हतात. तुमचा मोबाइल बटणांचा, त्यात अॅप उघडत नव्हतं. तुम्हाला मी स्वतः येऊन दाखवणार होते. संक्रांतीला तिळगूळ घेऊन येईन आणि दाखवीन, असं ठरवलं होतं. संक्रांतीला काम निघालं. मग म्हटलं, पुढच्या रविवारी. मग त्याच्या पुढच्या.

आणि तुम्ही एका सकाळी चहा मागितलात आणि चहा येईपर्यंत गेलात.

मामी फोनवर सांगत होती आणि माझ्या डोक्यात एकच, की यांना कळलंच नाही. हे मनात तेच घेऊन गेले, की भाचीनं आपलं काम फालतू ठरवलं. तेरा दिवस मी भांडी घासली, पाहुण्यांना चहा दिला, पण कोणी "मामांचा तुझ्यावर लय जीव होता" म्हटलं की उठून मागच्या अंगणात जायचे. त्या दिवशीचं ते "मॅडम" माझ्या कानातून जात नव्हतं.

काल जेवणं आटोपली. मामी हात पुसत आली आणि तिचा मोबाइल माझ्या हातात दिला. "अश्विनी, यात तुजं ते हातभार हाय बघ. ह्यांचं नाव काढून टाकावं लागतंय का?"

मला वाटलं, तिचा काही घोटाळा झालाय. "मामांचं नाव? मामा यात कुठे होते?"

"होते म्हंजे? रोज पुकारायचे की."

मी तिला ओट्यावर नेलं. मामी माझ्यासमोर बसली आणि सांगायला लागली. माझा मेसेज ज्ञानोबा काकांच्या मोबाइलवर गेला होता. त्यांना बारीक अक्षर वाचता येईना म्हणून ते तुमच्याकडे घेऊन आले. "ह्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग उठले, पत्र्याच्या खोलीत गेले, भोंगा काढला. त्याच दिवशी पारावर. पयलं नाव पार्वतीबाईचं घेतलं."

"आणि मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

"मी म्हनले, फोन लावते. म्हनले, न्हाई. पोरीनं सोताहून केलंय, तिला सोताहूनच येऊ दे. आली की आपसूक ऐकंल." मामीनं डोळे पुसले. "तुमी दोगं बी मेले सारखेच. एक यायला तयार न्हाई आन एक बोलवायला."

खरंय. आणि चुडाव्याची यादी मीही उघडत नव्हते. तो नवा रकाना केल्यावर, यादी अजून रिकामीच दिसेल या भीतीनं, ते एकच पान मी टाळायचे. तोवर अॅपवर आलेल्या शेजारच्या गावांची बघायचे, चुडावा आलं की पुढं जायचे. काल मामीच्या मोबाइलवर मी ते पान त्यानंतर पहिल्यांदा उघडलं.

तुमच्या नोंदी मामीच्या नंबरवरून होत्या. टेम्पोनं गाळ वाहून नेला. टेम्पोनं शाळेला विटा आणल्या. टाकी नसलेल्या घरांना पाण्याचे ड्रम पोहोचवले. एकाखाली एक, पार तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत. आणि त्यांच्यापुढे, हे काम कोणाच्या नावानं, तिथे प्रत्येक वेळी एकच नाव.

कै. अश्विनी.

मला क्षणभर काही समजेना. मग समजलं आणि मी कपाळावर हात मारला. तो रकाना करताना जित्या माणसाच्या नावानं कोणी काम करील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून तिथे जे नाव येईल त्याच्याआधी 'कै.' आपोआप लागेल असं मी करून ठेवलं होतं. आणि तुम्ही तिथे माझं नाव घातलंत. मेलेल्या माणसांना यादीतून काढणाऱ्या मला माझ्याच अॅपनं इतके महिने मारून ठेवलं होतं!

"मामी, मी तर वारले की यात."

"मंग काय!" मामी हसायलाच लागली. "पयल्या दिवशी माइकवर वाचता वाचता एकदम थांबले. मला वाटलं, छातीत दुखायलंय का काय. बघते तर हसायलेत. म्हनले, बघ, कंप्युटरवाल्या पोरीनं सोतालाच कैलासात धाडलं. आन मंग पुकारलं, सौभाग्यवती अश्विनी, मुक्काम परभणी, यांच्या नावानं आज एक टेम्पो इटा."

"आणि रोज?"

"रोज. रोज त्ये कै. गिळायचे आन सौभाग्यवती म्हनायचे. जिती हाय म्हनायचे, आन लय ताठ हाय."

मामा, मी मामीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हसले, आणि रडले, काय काय केलं कोणास ठाऊक. पाहुण्या बायका बघत होत्या. बघू देत. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. तुम्हाला कळलं होतं. मी केलेला बदल तुम्ही पहिल्याच दिवशी ऐकला होता आणि त्याच दिवशी मला माफ करून टाकलं होतं, आणि नंतर रोज संध्याकाळी सगळ्या गावासमोर तेच सांगत होतात. फक्त मला सोडून. मी परभणीत बसून कुढत होते आणि चुडाव्यात माझं नाव भोंग्यातून जात होतं.

तो शब्द मागे घ्यायचा राहिला होता, तो आता घेते. तो आहेरच होता, मामा. मी सर्टिफिकेट वाटत बसले आणि तुम्ही मला रोज आहेर केलात. एकदा आले असते तर समोर बसून ऐकला असता. ती चुटपुट राहील. पण धोंडा गेला, आणि चुटपुट घेऊन माणूस आरामात जगू शकतो.

काल रात्रीची गाडी मी सोडली आणि राहिले. आज सकाळी ज्ञानोबा काकांबरोबर शाळेमागची नाली उपसायला गेले. पावसाळ्याआधी ती मोकळी झाली नाही तर पाणी पुन्हा वर्गात येईल, असं तुम्हीच म्हणत होतात म्हणे. दोन तासांत माझ्या हाताला फोड आले. काका म्हणाले, "कंप्युटरवरचे हात हाईत, जरा दमानं घ्या." दुपारी मी आधी अॅपमधलं ते आपोआप लागणारं 'कै.' काढून टाकलं. ज्याला लावायचंय त्यानं स्वतः लावावं, जित्यांना ते बंधन नको. मग माझी नोंद केली. काम, शाळेमागची नाली. कोणाच्या नावानं, तिथे तुमचं नाव लिहिलं. आणि मामा, आता ते 'कै.' मला माझ्या हातानं लिहावं लागलं. बराच वेळ लागला.

संध्याकाळी पुकारायचं कोणी, हा प्रश्न आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामीनं मशीनची खोळ काढली, काकांनी भोंगा बांधला. पहिल्यांदा माइक धरला तर माझ्या हातातही त्यानं शिट्टी मारली. मग आठवलं. भोंगा पाठीमागे घ्यायचा, माइक तोंडासमोर न धरता जरा बाजूला धरायचा, आणि घाई करायची नाही. थोरल्यांची आधी, धाकट्यांची मग. काकांजवळ जाऊन वाकून विचारलं, आज कोणाच्या नावानं? ते म्हणाले, "रोजचंच की."

पार्वतीबाईंचं नाव घेतलं आणि एक श्वास थांबले. मग बाकीची घेतली, एकेक. पारावर फार माणसं नव्हती, पण जी होती ती उभी होती. शेवटी एकच उरलं. मुक्काम चुडावा, असं म्हणून मी 'कैलासवासी' म्हटलं, आणि तुमचं पूर्ण नाव घेतलं, आजोबांच्या नावासकट, जसं तुम्ही घेतलं असतंत तसं. मग थांबले. तो एक श्वास मी जरा लांबवला, कारण मला वाटलं, तुम्हाला ऐकू दे की.

मी मशीन बंद केलं. ज्ञानोबा काका टेम्पोजवळ आले, माझ्याकडे न बघता भोंग्याची दोरी सोडायला लागले, आणि म्हणाले,

"बरोबर पुकारलं."